ब्लेंडरमध्ये झूम मध्येच अडकतो, वाड्याचं मॉडेल नीट फिरवता येत नाही, काय करू?

माळवद:
नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वाईजवळच्या एका जुन्या वाड्याचं मॉडेल ब्लेंडर 4.2 या 3डी सॉफ्टवेअरमध्ये करतेय. मोजमापं आम्ही ग्रुपने टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) घेतली, ऑटोकॅडमध्ये प्लॅन झाला आणि तो डीएक्सएफ फाइल करून ब्लेंडरमध्ये आणला. आता चौकातल्या लाकडी खांबांवर काम चाललंय आणि तिथे हात टेकलेत. खांबाच्या वरच्या हस्तावर (तुळईला टेकू देणारा लाकडी भाग) नक्षी आहे, तिथपर्यंत झूम करत गेलं की एका जागी व्ह्यू अडकतो, व्हील कितीही फिरवा पुढे जातच नाही. जरा बाजूने गेलं तर समोरचा भाग कापल्यासारखा दिसतो आणि आतलं दिसायला लागतं. फिरवायला गेलं तर अख्खा वाडा स्क्रीनबाहेर, मग होम दाबते तर स्क्रीन पूर्ण कोरी. मैत्रिणीने क्लिप एंड (किती लांबपर्यंतचं दिसावं ती मर्यादा) वाढव म्हणून सांगितलं, वाढवला, तर आता भिंती आणि फरशी लुकलुकतायत. लॅपटॉपला नमपॅड नाही, माउस आहे. कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, सबमिशन जवळ आलंय.

व्हर्टेक्सवाला:
झूम अडकण्याचं आधी सांगतो. पर्स्पेक्टिव्ह व्ह्यूमध्ये तुम्ही मॉडेलकडे जात नसता, हवेतल्या एका न दिसणाऱ्या बिंदूकडे जात असता, आणि व्हीलच्या प्रत्येक टिकेला त्या बिंदूपासूनचं अंतर ठराविक पटीने कमी होतं. म्हणजे दहा मीटरवर असताना एका टिकेला मीटर-दीड मीटर पुढे जाल आणि दहा सेंटीमीटरवर आलात की तीच टिक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची होते. तो बिंदू खांबाच्या अलीकडेच कुठेतरी राहिला असेल तर खांबापर्यंत कधी पोचणारच नाही, सॉफ्टवेअर हँग झालंय असंच वाटणार. फिरवतानाही व्ह्यू त्याच बिंदूभोवती फिरतो, म्हणून वाडा बाहेर फेकला जातो.

उपाय म्हणजे तो बिंदू कामाच्या जागी आणायचा. हस्त सिलेक्ट करा, किंवा एडिट मोडमध्ये नक्षीतले दोन-चार व्हर्टेक्स (आकाराचे कोपऱ्याचे बिंदू) सिलेक्ट करा, आणि फ्रेम सिलेक्टेड द्या. नमपॅडवर त्याला डॉट आहे, तुमच्याकडे नाही तर टॅबच्या वरची टिल्डवाली की दाबा, गोल मेनू उघडेल त्यात व्ह्यू सिलेक्टेड आहे. ही एक सवय लागली ना की अर्धा त्रास संपतो, मी दर मिनिटाला ती की दाबत असतो. आल्ट धरून मधल्या बटणाने एखाद्या जागी क्लिक केलं तरी ती जागा मध्यावर येते.

प्रेफरन्सेसमध्ये नेव्हिगेशनला जाऊन ऑर्बिट अराउंड सिलेक्शन आणि त्याच्याच खाली ऑटोमधलं डेप्थ चालू करा. डेप्थ चालू असलं की कर्सरखाली जी वस्तू असेल तिचं अंतर धरून झूम होतो. झूम टू माउस पोझिशन पण चालू आहे ना बघून घ्या.

तीन_बटणं:
वरचं सगळं बरोबर आहे, त्यात दोन गोष्टी टाकतो. कंट्रोल शिफ्ट धरून मधलं बटण ओढलं की डॉली होतं, म्हणजे तो बिंदूच तुमच्याबरोबर पुढे सरकतो त्यामुळे अडकायचा प्रश्नच येत नाही. आणि वाड्याच्या आत फिरायला वॉक मोड वापर ताई, शिफ्ट आणि टिल्ड, मग डब्ल्यू ए एस डी ने चालायचं, क्यू आणि ई ने खाली-वर, व्हीलने वेग कमी-जास्त. दिंडीतून आत शिरून चौकात येऊन वर सज्जाकडे बघायचं असेल तर ऑर्बिट करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. नमपॅडसाठी इनपुटमध्ये एम्युलेट नमपॅड आहे पण ते चालू केलंस की वरच्या ओळीतले 1 2 3 त्यालाच लागतात आणि एडिट मोडमध्ये व्हर्टेक्स, एज, फेस बदलायला ते मिळत नाहीत. मॉडेलिंग चालू असताना ते फार जाचतं, टिल्डच बरी.

माळवद:
खूप खूप धन्यवाद दोघांना!! व्ह्यू सिलेक्टेडने झूम सुटला, एकदम नक्षीच्या आत जाता येतंय. पण होम दाबल्यावर अजून कोरंच आणि लुकलुकणं पण आहेच. शिवाय आता इतक्या जवळ गेल्यावर दिसलं की प्लॅनमधल्या तळखड्याचं (खांबाखालच्या दगडाचं) वर्तुळ गोल नाहीच, पायऱ्या-पायऱ्यांचं आहे. ऑटोकॅडमध्ये व्यवस्थित गोल होतं. आणि हळू फिरवलं तर सगळं थरथरतं. ग्राफिक्स कार्ड गेलं का?

गुंटर_साखळी:
कार्ड ठणठणीत असणार, काळजी करू नका. मी सर्व्हेवाला आहे, ही लक्षणं बघितल्याबरोबर ओळखीची वाटली. प्लॅनमधली एक रेषा घ्या, एडिट मोडमध्ये एक व्हर्टेक्स सिलेक्ट करा, एन दाबा आणि आयटम टॅबमध्ये ग्लोबल करून एक्स आणि वायचे आकडे इथे टाका.

माळवद:
एक्स 3 लाख 82 हजारच्या आसपास, वाय 19 लाख 85 हजारच्या आसपास.

गुंटर_साखळी:
वाटलंच. हे यूटीएम (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारी नकाशाची पद्धत) झोन 43 चे को-ऑर्डिनेट आहेत. तुमचा वाडा ब्लेंडरच्या शून्यापासून जवळपास 2 हजार किलोमीटर लांब बसलाय. सर्व्हेत हेच आकडे हवेत, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, पण ब्लेंडर व्हर्टेक्सची जागा 32 बिटमध्ये साठवतं आणि ऑटोकॅड 64 बिटमध्ये. 32 बिटमध्ये आकडा जितका मोठा तितकी दोन शेजारच्या आकड्यांमधली फट मोठी. 20 लाखांच्या जवळ ती फट 0.125 म्हणजे साडेबारा सेंटीमीटर आहे, आणि 3 लाख 82 हजारला साधारण 3 सेंटीमीटर. आता फूटभर व्यासाचा तळखडा घ्या, उत्तर-दक्षिण दिशेला त्याला जेमतेम दोन-तीन पायऱ्या मिळणार, गोल दिसणार कसा. थरथर पण यातूनच येते, व्ह्यू फिरवताना होणारी आकडेमोड त्याच मोठ्या आकड्यांवर चालते.

होमचं पण सांगतो. फाइल उघडल्यावर मध्यावर जो क्यूब असतो तो डिलीट केलात का? नसेल तर होम दाबल्यावर ब्लेंडर तो क्यूब आणि वाडा दोन्ही एका स्क्रीनवर मावतील इतकं मागे जातं, म्हणजे हजारो किलोमीटर. एवढ्या लांबून वाडा टिंबाएवढा पण दिसत नाही, शिवाय मूळ क्लिप एंड 1000 मीटरचा, त्यापलीकडचं काही काढलंच जात नाही.

ब्लेंडरमध्ये आता हलवून उपयोग नाही, प्लॅनमधली बारीक मापं इम्पोर्ट होतानाच गेलीत. ऑटोकॅडच्या मूळ फाइलमध्ये जा, कॉपी करा, सगळं सिलेक्ट करून मूव्ह द्या आणि एक्समधून 382000, वायमधून 1985000 वजा होतील असं सरकवा. आकडे गोल घ्या आणि प्लॅनच्या टायटल ब्लॉकमध्ये लिहून ठेवा, उद्या कोणाला हा वाडा पुन्हा नकाशावर बसवायचा असेल तर त्याला ते लागतील. मग नवीन डीएक्सएफ काढून रिकाम्या सीनमध्ये आणा.

माळवद:
क्यूब होता 😮 खांब आणि हस्त मी ब्लेंडरमध्येच केलेत ते पण गेले का मग??

व्हर्टेक्सवाला:
नाही जाणार. नवीन ऑब्जेक्ट घेऊन त्याच्यावर मॉडेलिंग केलं असेल तर त्याचे व्हर्टेक्स त्याच्या स्वतःच्या ओरिजिनपासून (मूळ बिंदूपासून) मोजलेले असतात, ते आकडे लहानच असतात, नक्षी शाबूत आहे. फक्त ऑब्जेक्टची जागा साडेबारा सेंटीमीटरच्या घरात गोल झालेली असेल. सगळे खांब सिलेक्ट करून तेवढेच आकडे वजा करून सरकवा आणि नवीन प्लॅनवर एकेक तळखडा स्नॅप करून बसवा. एकच सांभाळा, सरकवण्याआधी अप्लाय लोकेशन अजिबात करू नका, तसं केलं तर ओरिजिन शून्यावर जातो, मोठे आकडे मेशमध्ये उतरतात आणि नक्षी खरंच खराब होते.

आणि प्लॅन जवळ आला की क्लिप पण पूर्ववत करा. एन पॅनेलच्या व्ह्यू टॅबमध्ये स्टार्ट (किती जवळपासून दिसावं ती मर्यादा) 0.01 आणि एंड 1000 असतं, एंड प्रचंड वाढवला आणि स्टार्ट तसाच राहिला की खोलीची अचूकता लांबच्या भागात उरत नाही, एकमेकांना चिकटलेल्या भिंती लुकलुकतात. वाड्याला एंड 200 सुद्धा पुष्कळ झाला. नक्षीवर अगदी टेकल्यावर कापलं जातंय वाटलं तरच स्टार्ट आणखी कमी करा.

माळवद:
झालं!! तळखडा गोल, थरथर बंद, होम दाबलं की अख्खा वाडा समोर. खांब बसवायला थोडा वेळ लागला पण सगळे जागेवर आलेत. गुंटर_साखळी काका आमच्या ग्रुपमधल्या तिघांच्या फाइलींचं असंच झालं होतं, सगळ्यांना तुमचा मेसेज पाठवलाय. आता शेवटचं एक, कडीपाट (लाकडी छत) टाकलं की खालचा चौक दिसेनासा होतो, दर वेळी हाइड करत बसायचं का?

तीन_बटणं:
हाइड नको. टॉप व्ह्यूला जा, आल्ट बी दाब आणि जेवढा भाग हवा त्याच्याभोवती चौकोन ओढ, बाकीचं व्ह्यूपुरतं कापलं जातं, पुन्हा आल्ट बी दाबलं की परत येतं. बाजूच्या व्ह्यूमधून हेच केलंस तर कडीपाटाच्या खालपर्यंतचा आडवा छेद मिळतो. आणि एकट्या खांबावरच काम असेल तर तो सिलेक्ट करून स्लॅश दाब, लोकल व्ह्यूमध्ये तेवढाच राहील, बाहेर यायला परत स्लॅश. आल्ट बीचं कापणं रेंडरमध्ये येत नाही हे लक्षात असू दे, शीटवर सेक्शन दाखवायचा असेल तर बूलियनने (एका आकाराने दुसरा कापणारं टूल) खरा छेद घ्यावा लागेल.