मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या शाकाहारी आईसोबत व्हेनिसमध्ये दोन दिवस

नमस्कार.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आईला घेऊन व्हेनिसला जाणार आहे. ज्यांनी घरातल्या ज्येष्ठांसोबत हे शहर पाहिले आहे, त्यांच्याकडून मला काही नेमकी माहिती हवी आहे. मी म्युनिकला राहते. शुक्रवारी सकाळच्या रेल्वेने निघून दुपारी पोहोचायचे आणि रविवारी दुपारी परत फिरायचे असे ठरले आहे, म्हणजे हातात दोन रात्री आणि जेमतेम ४८ तास आहेत.

आई ठाण्याची आहे आणि तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्याचे वर्णन आहे, तिथल्या कातड्याच्या आणि सुती कापडाच्या व्यापाराचे आणि समुद्रावरच्या चाच्यांचे. हे ती दर वर्षी सातवीच्या मुलांना आवर्जून सांगत असे. त्या शनिवारी तिला सत्तर वर्षे पूर्ण होतात, आणि काय हवे असे विचारल्यावर तिने एवढेच सांगितले की ज्या गावातून तो माणूस निघाला ते गाव एकदा पाहायचे आहे. त्यामुळे बाकी काही राहिले तरी चालेल, पण पोलो कुटुंबाचे घर जिथे होते असे मानतात तो कोर्ते देल मिलिओनचा चौक आणि मलबारच्या मिरीचा व्यापार जिथे चाले तो रिआल्तोचा परिसर, या दोन जागा चुकवायच्या नाहीत.

खरी अडचण पुलांची आहे. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. आई काठी घेऊन सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालते, कठडा असेल तर दहाबारा पायऱ्या चढतेही, पण उतरताना तिचे गुडघे फार दुखतात, आणि दिवसात असे चारपाच पूल झाले की दुसरा दिवस वाया जातो. म्हणून शक्य तितके फिरणे वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीने करायचे ठरवले आहे. एका फेरीचे तिकीट ९.५० युरो आणि ४८ तासांचा पास ३५ युरोंना असल्यामुळे पासच घेणार आहे. रिआल्तोच्या थांब्यावर उतरून कोर्ते देल मिलिओनला जाताना फोन्दाको देई तेदेस्कीच्या, म्हणजे जर्मन व्यापाऱ्यांच्या जुन्या वखारीच्या शेजारचा एक पूल चढावा लागेल असे नकाशावरून दिसते. ज्यांनी ती वाट चालून पाहिली आहे त्यांनी कृपया सांगावे की त्या पुलाला साधारण किती पायऱ्या आहेत, आणि पुढे चौकापर्यंत आणखी एखादा पूल लागतो का.

सान मार्को या मुख्य चौकाच्या बाबतीत मी थोडी निश्चिंत आहे, कारण तिथल्या उंच घंटाघराला लिफ्ट आहे आणि आईला वरून सगळे शहर दाखवता येईल. शेजारच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या वरच्या मजल्यावरचे संग्रहालय मात्र पायऱ्यांमुळे सोडून दिले आहे. भीती आहे ती भरतीच्या पाण्याची. समुद्राच्या तोंडाशी बसवलेले मोझे नावाचे पूररोधक दरवाजे २०२० पासून मोठी भरती अडवतात हे वाचले आहे, परंतु चौक इतका सखल आहे की त्याहून कमी पाण्यातही तो भिजतो. अशा वेळी मांडतात त्या अरुंद फळ्यांवरून काठीवाल्या माणसाला चालता येते का? येत नसेल तर चौक शनिवारीच पाहायचा की रविवारची सकाळ राखून ठेवायची, हे मला ठरवायचे आहे.

मुक्कामाबद्दल घरात दोन मते आहेत. माझ्या नवऱ्याचे म्हणणे असे की मेस्त्रेला, म्हणजे समोरच्या मुख्य भूमीवरच्या भागात हॉटेल स्वस्त मिळते आणि तिथून रेल्वेने दहाबारा मिनिटांत पोहोचता येते. मला मात्र वाटते की दुपारी आईला तासभर पडायला मिळाले नाही तर संध्याकाळ हातची जाईल, म्हणून जास्त पैसे देऊन बेटावरच, बोटीच्या थांब्यापासून एकही पूल न ओलांडता जाता येईल अशा जागी राहावे. असा भाग कोणता, हे अनुभवी मंडळींनी सुचवावे.

आता जेवणाबद्दल, कारण मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात आम्हाला वाईट अनुभव आला. भाज्यांचे म्हणून दिलेले सूप माशांच्या पाण्यात शिजवलेले निघाले, आणि त्यानंतर दोन दिवस आईने ब्रेड आणि फळांवर काढले. ती अंडेही खात नाही. व्हेनिसचे जेवण मुळात माशांचे. बिगोली इन साल्सा या पास्त्यात खारवलेले मासे असतात, रिसोत्तो बहुधा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजतो, ताज्या पास्त्यात आणि तिरामिसूत अंडे असते. परमेसान चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य असते हे कळल्यावर तेही तिने टाळायचे ठरवले आहे. उरतो तो रव्याचा सुका पास्ता टोमॅटोच्या सॉसमध्ये, मशरूमसोबत पोलेंता, रादिक्यो ही भाजलेली कडवट लाल पालेभाजी आणि फळांचे सॉर्बे. पोलेंता म्हणजे आपल्या मक्याच्या कण्यांसारखाच प्रकार असल्यामुळे आईला आवडेल अशी मला आशा आहे, पण तोही कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात का? वेटरला हे सगळे सभ्यपणे आणि नेमके सांगणारी तीनचार इटालियन वाक्ये कुणी लिहून दिली तर मी ती कागदावर छापून नेईन.

शनिवारी रात्री तिला पाण्याच्या काठावर बसवून नीट जेवू घालायचे आहे. त्यासाठी झात्तेरेचा लांब, सपाट काठ माझ्या मनात आहे, कारण तिथे बोटीचा थांबा अगदी जवळ आहे. त्या काठावर शाकाहारी माणसाला दोन पदार्थ तरी मिळतील असे उपाहारगृह ठाऊक असल्यास जरूर सांगावे. तसेच ऑक्टोबरमधल्या मॅरेथॉनसाठी पुलांवर घातलेले लाकडी उतार काही वर्षी नंतरही ठेवले जात असत असे ऐकले आहे. ती पद्धत अजून चालू असेल तर आमचे निम्मे काम सोपे होईल.

बुरानो बेटावरची रंगीत घरे पाहायची माझी स्वतःची फार इच्छा आहे, परंतु जाण्यायेण्यातच दीड तास मोडतो. ४८ तासांत ते बसवावे की सोडावे, यावर कृपया स्पष्ट मत द्या. हॉटेलचे आरक्षण येत्या रविवारपर्यंत करायचे आहे, त्यामुळे मुक्कामाच्या जागेबद्दलचे उत्तर आधी मिळाले तर आभारी राहीन.