अनुभव धागा : प्रार्थनासभा आणि साक्ष, तुमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नेमकं कसं चालतं?

सर्वांना सलाम.

रविवारची उपासना घंटेवर चालते. घंटा वाजली की लोक येतात, पाळक (पास्टर) वेदीपाशी उभे राहतात. आठवड्यातल्या प्रार्थनेला घंटा नसते, म्हणून ती आधी ढिली पडते आणि मग बंद होते. प्रार्थना बंद पडलेल्या मंडळीत विश्वासाबद्दल कोणी कोणाशी बोलेनासं होतं, हे गावोगावी दिसतं. हा धागा त्यासाठीच काढला आहे. घरगुती सभा, आजाऱ्यांच्या भेटी, साखळी प्रार्थना, साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव दुसऱ्याला सांगणं) यांपैकी तुम्ही जे चालवता ते लिहा. किती वेळ, कोणत्या क्रमाने, आणि कुठे बिघडतं? आपबीती इथे नको, कामाची रीत हवी. कोणाचं नाव किंवा आजार लिहू नये ही विनंती.

घरगुती सभांची व्यवस्था पाहणारे, नगर

सभा साडेसातची असेल तर साडेसातला पहिलं गीत सुरू करावं, चारच माणसं आलेली असली तरी. वाट पाहत बसलं की वेळेवर आलेले चौघेही पुढच्या बुधवारी पावणेआठला येतात.

एका तासाची वाटणी : 'उपासना संगीता'तली दोन गीतं १० मिनिटं, वाचन आणि मनन १५, विनंत्या घेणं १०, प्रार्थना २०, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वचन ५. यात मनन हटकून पसरतं. ते ३५ मिनिटांवर गेलं की प्रार्थनेच्या नावाखाली पाळकांची दोन मिनिटांची समारोपाची प्रार्थना तेवढी उरते. असं वारंवार होत असेल तर क्रम फिरवा : गीत झालं की विनंत्या आणि प्रार्थना, मनन सगळ्यांत शेवटी.

ओळीने प्रत्येकाला प्रार्थना करायला लावू नका. आपली पाळी येणार या धास्तीने नवा माणूस बाकीच्यांची प्रार्थना ऐकतच नाही. ओळीनेच घ्यायची असेल तर आधी सांगून ठेवा की ज्याला मोठ्याने करायची नाही त्याने शेजाऱ्याच्या हाताला हळूच हात लावावा, पाळी पुढे जाईल. पहिल्यांदा करणाऱ्याला एकच विषय द्या आणि एक वाक्य पुरे म्हणून सांगा.

चहाबद्दलही लिहितो. चहा आणि बिस्किटं, यापुढे जाऊ देऊ नका. एका घरी पोहे झाले की पुढच्या घरी वडापाव होतो, मग पुलाव. त्यानंतर एका खोलीत राहणारी कुटुंबं 'घर लहान आहे' म्हणून यादीतून नाव काढायला सांगतात. अडचण खर्चाची असते, पण तसं कोणी बोलत नाही. हे मंडळीच्या पंचांनीच ठरवून उपासनेत जाहीर करावं, म्हणजे कोणा एका घरावर बोट जात नाही.

प्रार्थना वही ठेवणाऱ्या, सोलापूर

शंभर पानी आडव्या रेघांची साधी वही घ्या. पानावर चार रकाने आखा : तारीख, विनंती, कोणाकडून, पुढे काय झालं. चौथा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. बहुतेक वह्यांत तो कोराच राहतो आणि वही तिथेच मरते. विनंती पंधरा दिवसांपूर्वीची असते, त्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं, आणि पुढच्या बुधवारी तीच विनंती त्याच शब्दांत पुन्हा येते.

म्हणून नव्या विनंत्या घेण्याआधी पाच मिनिटं मागच्या पानाला द्या. काम झालं असेल तर तिथल्या तिथे उपकारस्तुती. झालं नसेल तर 'अजून नाही' असं लिहा, रकाना रिकामा सोडू नका. वाईट झालं असेल तर तेही लिहा. ज्याच्यासाठी सहा आठवडे प्रार्थना केली तो गेला, तर त्या नावापुढे तारीख घालून त्याच्या घरच्यांसाठी नवी ओळ सुरू करायची. वहीत फक्त गोड उत्तरं राहिली तर ज्यांच्या घरी उत्तर आलं नाही ती माणसं सभेला यायची थांबतात.

विनंती नेमकी असू द्या. 'सगळ्या आजाऱ्यांना बरं कर' या विनंतीबद्दल पुढच्या आठवड्यात विचारायचं काय? 'मंगळवारी रिपोर्ट येणार आहे' म्हटलं की बुधवारी कोणीतरी आपणहून विचारतं.

वरच्याला जोडून, पुणे

वहीत काय लिहू नये हेही ठरवा. नवरा-बायकोतलं भांडण, मुलीचं जमलेलं किंवा मोडलेलं लग्न, दारू, कर्ज, एचआयव्हीसारखा आजार. यासाठी 'खास विनंती' एवढंच लिहायचं. प्रार्थनेच्या विनंतीतून जितकी कुजबुज पसरते तितकी पाणवठ्यावरही पसरत नसेल. दुसऱ्याची विनंती मांडायची तर त्याला आधी विचारलेलं हवं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आजाऱ्याचा दवाखान्यातला फोटो तर कधीच नको.

वाडीतली जपमाळ चालवणाऱ्या, वसई

आमच्याकडे ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. वाडीतल्या क्रुसापाशी किंवा पाळीपाळीने घरोघरी. मुंबई-वसईच्या पट्ट्यात असे क्रूस जागोजागी आहेत. मुंबईतले कित्येक १८९६च्या प्लेगच्या साथीनंतर उभे राहिले. त्यामुळे क्रुसापाशी आजाऱ्यांसाठी प्रार्थना ही जुनीच रीत आहे.

पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची) जपमाळ म्हणजे सुरुवातीचे तीन आणि दशकांतले पन्नास मिळून ५३ 'नमो मरिया' (मरियामातेची प्रार्थना). नीट म्हटली तर २० ते २५ मिनिटं लागतात, लितानी (ओळीने म्हणायची आळवणी) धरून अर्धा तास. पंधरा मिनिटांत संपली तर समजावं की दोन्ही बाजू एकमेकींवर चढत होत्या : पुढाऱ्याचा पहिला अर्धा भाग संपायच्या आत लोकांनी दुसरा सुरू केला. पुढाऱ्याने प्रत्येक ओळीनंतर एक श्वास थांबलं की चाल आपोआप बसते. मणी मोजण्याचं काम एकाच माणसाकडे द्या, नाहीतर नऊवर की अकरावर म्हणून मागे कुजबुज सुरू होते.

रहस्यांचे (जपताना मनन करायच्या येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांचे) वार : सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली सुचवली, त्यामुळे जुन्या पुस्तिकांत ती सापडत नाहीत. वयस्कर बायांना मोठ्या अक्षरांत छापून द्या. प्रत्येक दशक एकेका घरासाठी किंवा हेतूसाठी अर्पण केलं की यांत्रिकपणा जातो. येणारे-जाणारे बिगरख्रिस्ती शेजारी मेणबत्ती लावून जातात. त्यांना जागा करून द्यावी, हातात पत्रक देऊ नये.

आजाऱ्यांच्या भेटीला जाणारे, मुंबई

दोघांनीच जावं, त्यात एक बाई असेल तर उत्तम. आधी फोन करून जेवणाची, डॉक्टरांच्या फेरीची वेळ टाळा. आत गेल्यावर हात धुवा. खाटेवर बसू नका. टेकलेल्या खाटेचा धक्का टाक्यांना लागतो. स्टूल असेल तर त्यावर, नसेल तर आजाऱ्याला समोर दिसाल असं उभं राहा, म्हणजे त्याला मान वळवावी लागत नाही. 'प्रार्थना करू का?' असं विचारा आणि 'नको' हे उत्तर मनापासून घ्या. मग 'कशासाठी करू?' हेही विचारा. बाहेरच्याला वाटतं ऑपरेशनसाठी, आजाऱ्याच्या मनात मात्र धाकट्या मुलाची फी असते.

स्तोत्र २३ किंवा १२१ वाचावं. दोन्ही लहान आहेत आणि अनेकांना पाठ असतात, बोलता न येणाऱ्याचेही ओठ हलतात. प्रार्थना दोन मिनिटं, शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही अशा आवाजात. सगळी भेट दहा मिनिटांची. शुद्ध हरपलेल्या माणसाजवळ त्याच्या प्रकृतीबद्दल काही बोलू नका, त्याला ऐकू येत असू शकतं.

'विश्वास असेल तर बरे व्हाल' हे वाक्य खाटेपाशी उच्चारू नये. बरं न होणाऱ्याच्या माथी त्यातून आजारावर अपराधही बसतो. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना (जबाबदार ज्येष्ठांना) बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. तिथे विश्वासाने प्रार्थना करायची ती बोलावलेल्यांनी, आणि गोळ्या बंद करा असं कुठेच म्हटलेलं नाही. कोणी औषध थांबवायच्या गोष्टी करत असेल तर प्रार्थना करणाऱ्यानेच स्पष्ट सांगावं की गोळी वेळेवर घ्या.

साखळी प्रार्थना, पुणे जिल्हा

चोवीस तासांची साखळी म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ भाग. प्रत्येकी दोन माणसं धरली तर ९६ नावं. मंडळी एवढी मोठी नसेल तर पहाटे सहा ते संध्याकाळी सहा घ्या, २४ भाग आणि ४८ माणसं. ओढूनताणून चोवीस तास केले की रात्री दोन ते चार या वेळेत साखळी तुटते आणि सकाळी कोणी कबूल करत नाही. त्या वेळेला शिफ्टवर जागणारे, रात्रपाळीच्या परिचारिका, झोप कमी झालेले म्हातारे यांना आधी विचारा.

आधीच्या माणसाने पुढचा आल्याशिवाय उठायचं नाही. टेबलावर विषयांची वही ठेवा आणि प्रत्येकाने आपण कुठवर आलो तिथे खूण करावी. अर्धा तास लांब वाटतो तो विषय संपल्यामुळे. वीस विषय लिहिलेले असतील तर वेळ पुरत नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी कोण येईल असं विचारलं तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. तिथलं संजीवन (विश्वासाची नवी जागृती) त्याच वर्षी जूनच्या अखेरीस आलं. मधले पाच महिने रोजची बैठक होती, हे सांगायचं राहून जातं.

कीर्तनाची साथ करणारे, राहुरी

साक्ष म्हटलं की लोकांना माईक आठवतो, पण कीर्तनातूनही साक्ष देता येते. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पुढे ना. वा. टिळकांच्या अभंगांनी तिला बळ दिलं.

रचना नारदीय कीर्तन ऐकणाऱ्याला ओळखीची : नमन, मुख्य अभंग, पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी प्रार्थना. पूर्वरंग २० मिनिटं, आख्यान ४०. पेटी, तबला, झांज पुरे. उधळ्या पुत्राचं आख्यान (लूक १५) गावात सगळ्यांत चालतं, कारण वाटणी मागणारा धाकटा आणि रुसून अंगणात उभा राहिलेला थोरला हे दोघंही प्रत्येक वस्तीत आहेत. बहुतेक कीर्तनकार बाप धावत येतो तिथे थांबतात. थोरल्याशी बापाचं बोलणं सोडू नका, देवळात (चर्चमध्ये) नियमाने येणाऱ्यांसाठी तोच भाग आहे.

चुकतं ते शब्दांत. 'तारण', 'नीतिमान ठरणे', 'पुनरुत्थान' हे मंडळीत रोजचे शब्द आहेत, पारावर बसलेल्याला ते परके. 'तारण' म्हटलं की शेतकऱ्याला सोसायटीत तारण ठेवलेलं सोनं आठवतं. असा शब्द वापरलात तर पुढचंच वाक्य त्याच्या अर्थाचं हवं.

तरुण संघाला साक्ष शिकवणाऱ्या, नाशिक

तीन मिनिटं, म्हणजे लिहून साधारण ३०० ते ३५० शब्द. आधी कसं होतं, ख्रिस्त कसा भेटला, आता काय बदललं. तरुणांचा पहिला भाग अडीच मिनिटं खातो, कारण तिथे गोष्ट असते. घड्याळ लावून पहिला भाग ४० सेकंदांवर आणा आणि शेवटचा वाढवा. शेवटच्या भागात एक तरी गोष्ट अशी हवी जी घरचे लोक खरी म्हणून मान्य करतील. 'माझा स्वभाव बदलला' हे आईसमोर म्हणता येतं का, ही माझी कसोटी. जन्मापासून मंडळीत वाढलेल्यांना वाटतं आपल्याला साक्षच नाही. त्यांनी पहिला भाग सोडून द्यावा, खोटा अंधार रंगवू नये.

पूर्वीच्या धर्माबद्दल, देवांबद्दल, नातेवाइकांबद्दल वाईट शब्द नको. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्या असं आहे. त्यात 'विचारणारा' आधी येतो. नोकरी, शाळाप्रवेश, पैसा, बरं होण्याची हमी यांतलं काहीही साक्षीला जोडायचं नाही. घटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. तरुणांना हे दोन्ही शिकवा. उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढा आणि रात्री दहाला बंद करा. कार्यक्रम लांबला म्हणून साडेदहापर्यंत ताणला की शेजारच्या गल्लीत वर्षभराची ओळख जाते.

दुबईहून

झूमवर भारतातले साडेआठ म्हणजे इथले सात, लंडनला हिवाळ्यात तीन. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी माईक चालू ठेवून म्हणू नये, आवाज मागेपुढे पोचतात आणि गोंधळ होतो. एकाने म्हणावी, बाकीच्यांनी आपापल्या घरी मोठ्याने. चाळीस मिनिटांच्या मोफत मर्यादेत सभा बसवायची तर मनन सात मिनिटांचं.

नगरच्यांना एक प्रश्न, औरंगाबादहून

सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करण्याबद्दल काय मत?

नगर

पाच मिनिटं ठीक. लाजऱ्या माणसाचा आवाज त्यात झाकला जातो, म्हणून त्याला सोपं जातं. पण पूर्ण वीस मिनिटं तशी गेली तर कोणाची विनंती कोणी उचलली हे कळत नाही आणि 'आमेन' म्हणायला काही उरत नाही. आधी एकत्र, मग एकेक असं करून पाहा. फ्लॅटमध्ये असाल तर खालच्या मजल्यावर आधी सांगून या.

संडे स्कूल, मिरज

मुलांसाठी हाताची पाच बोटं. अंगठा जवळचा : घरचे. तर्जनी दाखवणारी : शिक्षक, डॉक्टर, पाळक. मधलं उंच : गावाचे, देशाचे कारभारी. अनामिका अशक्त : आजारी, गरीब. करंगळी शेवटी : मी स्वतः. सहा वर्षांच्या मुलालाही दोन रविवारांत येतं. मुलं अनामिकेवर अडतात, कारण त्यांना आजारी कोण हे माहीत नसतं. सोलापूरच्या ताईंच्या वहीतली एक-दोन नावं, घरच्यांची परवानगी असेल तर, दर रविवारी मुलांना द्या. पुढच्या रविवारी मुलं स्वतःच विचारतात, ते आजोबा आता कसे आहेत?