प्रोसेसर नाही, एक्स-वाय प्रवाह नडतो

सहा फेजच्या मोटारीला प्रेडिक्टिव्ह करंट कंट्रोल (दर सायकलला पुढचा प्रवाह आधीच अंदाजून त्याप्रमाणे स्विचिंग निवडणं) झेपत नाही, दर सायकलला ६४ स्विचिंग स्थिती (सहा फेजच्या स्विचांच्या चालू-बंद जुळण्या) तपासायला प्रोसेसर पुरत नाही, असा एक दावा आहे. अर्धंच पटलं. ६४ मधून वेगळे व्होल्टेज व्हेक्टर (मोटारीला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज) ४९च निघतात, आणि १०० मायक्रोसेकंदांत तेवढं गणित बरा डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) उरकतो.

आम्हाला नडलं ते दुसरंच. नाशिकजवळच्या सातपूरच्या एका वाइंडरकडे (मोटारीचं वाइंडिंग करणाऱ्याकडे) जुनी तीन फेजची मोटार नेली, पाच फेज करून हवी म्हणून. त्याने स्टेटरचे, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाचे, स्लॉट (खाचा) मोजले आणि म्हणाला, "सर, छत्तीसला पाचाने भाग जातो का?" (आम्ही एवढे शिकलेले, हे घरी मोजलं नव्हतं.) मग सहा पोल, सहा फेज, लगतच्या स्लॉटांत ३० इलेक्ट्रिकल अंश. पहिल्याच दिवशी वेग स्थिर, टॉर्क झकास, पण रिकामी फिरतानाही बॉडीला हात लावायची सोय नाही. कॉस्ट फंक्शनमध्ये (कोणता व्हेक्टर निवडायचा ते ठरवणाऱ्या सूत्रात) फक्त अल्फा-बीटाची, म्हणजे टॉर्क देणाऱ्या प्रवाहाची, चूक धरली होती. सहा फेजच्या प्रवाहाचा उरलेला भाग, एक्स-वाय प्रतलातला प्रवाह, टॉर्क देत नाही. त्याला अडवायला स्टेटरचा रोध आणि लीकेज इंडक्टन्स एवढंच, म्हणून तो मोकाट सुटतो आणि नुसतं तांबं तापवतो. एक्स-वायची टर्म सूत्रात घातली, मग वेटिंग फॅक्टर (तिला किती महत्त्व द्यायचं तो आकडा) जुळवण्यात दोन आठवडे गेले. शेवटी व्हर्च्युअल व्हेक्टर घेतले: अल्फा-बीटात एकाच दिशेचे दोन व्हेक्टर ७३ आणि २७ टक्के वेळ लावायचे, एक्स-वायमध्ये त्यांची सरासरी शून्य होते. तपासायला उरतात १२ आणि एक शून्य व्हेक्टर, म्हणजे प्रोसेसरची तक्रारही तिथेच मिटते.