राखीगढीच्या सांगाड्याने नेमके काय सिद्ध होते?

पंचवटीकर (धागाकर्ता): नाशिकमध्ये अलीकडे झालेल्या एका व्याख्यानात, हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी सापडलेल्या सांगाड्याच्या डीएनएमुळे आर्यांचे भारतात झालेले स्थलांतर कायमचे खोटे ठरले, असे ठासून सांगितले गेले आणि टाळ्याही पडल्या. मला हे पटत नाही. ज्या स्त्रीच्या सांगाड्याचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला, ती स्थलांतराच्या मानल्या गेलेल्या काळाच्या, म्हणजे इसवी सनपूर्व 2000 ते 1500 च्या, आधीची आहे. त्यामुळे तिच्यात, या स्थलांतराची खूण मानला जाणारा, मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नसणे अपेक्षितच होते. नंतरच्या काळातील स्वात खोऱ्यातील (आजचे पाकिस्तान) सांगाड्यांत तो अंश आढळतो, हे व्याख्यात्यांनी सांगितले नाही.

गंगापूर रोडकर: एवढी खात्री बरी नव्हे. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1947 मध्ये मोहेंजोदडोतील सांगाड्यांवरून इंद्राला आरोपी ठरवले, म्हणजे आक्रमक आर्यांनी तेथे कत्तल केली असे मांडले, तेव्हाही शास्त्राचाच दाखला दिला जात होता. ते कत्तलीचे चित्र पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी 1964 मध्ये मोडीत काढले. शिवाय हाडांवरून भाषा कळत नाही.

सातपूरकर: दोघेही मूळ दुखणे टाळत आहात. हा वाद चालतो तो आज या भूमीवर हक्क कोणाचा, हे ठरवण्यासाठी. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये आर्य बाहेरून आले असे मांडले ते ब्राह्मणी वर्चस्वाला जाब विचारण्यासाठी. टिळकांनी 1903 मध्ये आर्यांना थेट उत्तर ध्रुवाजवळून आणले, तेही अभिमानाने! याउलट आंबेडकरांनी 1946 मध्ये आर्यवंशाचा सिद्धान्तच नाकारला. त्यापूर्वी 1930 मध्ये आपल्याच काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह झाला, तेव्हा समतेच्या मागणीला कोणाच्याही मूळ स्थानाचा पुरावा लागला नव्हता.

पंचवटीकर: व्हीलर यांच्याबाबत मान्य, परंतु आक्रमण खोटे ठरल्याने स्थलांतर खोटे ठरत नाही. हक्काचेच म्हणाल, तर नाशिकजवळची पांडवलेणी पाहावीत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने शक, यवन आणि पल्हव या बाहेरून आलेल्या लोकांचा नाश केल्याचा गौरव तेथे कोरलेला आहे. त्याच डोंगरात शक असलेल्या उषवदाताने बौद्ध भिक्षूंसाठी लेणे खोदवले आणि ब्राह्मणांना गाईंचे दान दिल्याचेही नोंदवले. त्याला परका म्हणायचे की नाशिकचा?

गंगापूर रोडकर: उषवदाताचा लेख निदान समोर आहे. ऋग्वेदात मात्र परक्या मायभूमीची आठवण कोठेही नाही, आणि मला हा पुरावा डीएनएहून वजनदार वाटतो.

पंचवटीकर: युरोपातील रोमा (जिप्सी) लोकांनाही आपण भारतातून आलो याची स्पष्ट आठवण उरलेली नव्हती, अठराव्या शतकात ते उलगडले, तेही त्यांच्या भाषेची तुलना केल्यावर.