मदत हवी आहे: कोल्हापूरच्या पडदे-पेंटरांवर काम करायचंय, फेलोशिपसाठी कुठे अर्ज करू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवते. वय ४३, नोकरीला चौदा वर्षं झाली, पीएच.डी. नाट्यवाङ्मयावर. नाटक शिकवता शिकवता मागच्या पडद्याकडे लक्ष गेलं आणि आता गेली सहा वर्षं मी इथल्या पेंटरांच्या मागे आहे. नाटकांचे पडदे, सिनेमाची बॅनर्स, दुकानांच्या पाट्या, गणपतीसमोरचे देखावे, हे सगळं रंगवणारी माणसं. आतापर्यंत स्वतःच्या पगारातून केलं. आता तसं जमत नाही, म्हणून हा धागा.

आधी काम काय आहे ते सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) सगळ्यांना माहीत आहेत. पण सिनेमाकडे वळण्याआधी ते आणि आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. पुढे बाबूरावांचा सिनेमा मोठा झाला, त्यावर लिहिलंही गेलं. पडद्याचं काम मात्र गावातल्या दुसऱ्या हातांनी चालूच ठेवलं. बापाने मुलाला शिकवलं, मुलाने गल्लीतल्या पोराला. त्यांची नोंद कुठेच नाही, कारण ते स्वतःला चित्रकार म्हणत नव्हते. ते पेंटर होते.

मांजरपाटाच्या कापडाला खळ कशी द्यायची, सरसाचा गोंद उकळून पावडरच्या रंगात किती घालायचा, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंग कसा तडकतो, लहान चित्रावर चौकटी आखून तेच चित्र वीस फुटांवर कसं न्यायचं, हे त्यांच्या हातात आहे. कागदावर नाही. फ्लेक्स आल्यावर बहुतेकांनी ब्रश ठेवून दिला. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतले चार जण आज हयात नाहीत. त्यांतल्या दोघांचं मी फक्त मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं. एकात पंख्याचा आवाज इतका आहे की निम्मं ऐकूच येत नाही.

२०१९ च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या एका घरी पेटीभर स्केचेस भिजली. घरच्यांनी ती उन्हात वाळवली, चिकटलेले कागद सोडवताना फाटले. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ सालचं, शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी नाट्यगृहापाशी, खासबागेजवळ गर्दीत उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली, मीही रडले. त्या दिवसापासून हे काम पुढच्या वर्षावर टाकणं मला जमेनासं झालं आहे.

आता अडचण. दोन वर्षांपूर्वी सामाजिक शास्त्रांसाठी निधी देणाऱ्या एका ठिकाणी मी प्रस्ताव पाठवला होता. शेरा आला की विषय ललित कलेचा आहे. मग ललित कलेकडे चौकशी केली, तर तिथे माझी पदवी चित्रकलेची नाही. आमच्या शाखेचं नाव कला, पण चित्राला हात लावला की विषय परका होतो. ऑनलाइन अर्जात विषय निवडायच्या यादीत मी कुठे बसते हेच मला ठरवता येत नाही.

दुसरी अडचण सहीची. त्या वेळी संस्थेचं नाहरकत पत्र मुदतीच्या आदल्या संध्याकाळी हातात पडलं आणि सर्व्हर अडकला. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मनाला फार लागते. अर्जातल्या बजेटमध्ये प्रवास, टंकलेखन, उपकरणं, रिसर्च असिस्टंट सगळ्याला हेड असतं. ज्यांच्याकडून माहिती घ्यायची त्यांच्यासाठी नसतं. ऐंशी वर्षांच्या माणसाचा अर्धा दिवस मी फुकट का घ्यावा? माझ्या पगाराला ते माहितीचं काम आहे, त्यांच्यासाठी ती अख्खी विद्या आहे.

परदेशी जायच्या फेलोशिप मी बाजूला ठेवल्या आहेत. फुलब्राइट-नेहरू चांगली आहे, चार ते नऊ महिने मिळतात, पण माझं काम इथल्या गल्ल्यांत आहे. आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) सीनियर फेलोशिपला मी वयाने अजून दोन वर्षं कमी पडते.

तर विचारायचं ते असं: प्रस्ताव नेमका कोणाकडे न्यावा? मराठीत लिहिलेला चालेल असं ठिकाण आहे का? आणि पेंटरांचं मानधन कसं दाखवावं?

*

प्रतिसाद (दसराचौक):

मॅडम, मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या संशोधन विभागात फायली हलवल्यात. तुमचा घोटाळा विषयाचा कमी आणि वाटेचा जास्त आहे. आधी दोन वाटा वेगळ्या करा: माणसाला मिळणारा पैसा आणि संस्थेला मिळणारा पैसा.

प्रकल्प म्हणून घेतलात तर पैसा संस्थेच्या खात्यावर येतो. मग खरेदी समिती, कोटेशन्स, ऑडिट, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं आलं. पहिल्या हप्त्याचं हे प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही. दोनशे रुपयांची रिक्षा शुक्रवार पेठेत केली तर पावती कुठून आणाल? तुमचं काम छोट्या छोट्या खर्चांचं आहे, ते या साच्यात गुदमरेल. फेलोशिप व्यक्तीच्या नावावर असते. तुमच्या कामाला ती वाट बरी.

संस्कृती मंत्रालयाची सीनियर-ज्युनियर फेलोशिप बघितली का? दिल्लीची सीसीआरटी ही सरकारी संस्था ती राबवते. ४० वर्षांवरच्यांना सीनियर, महिना २०,००० रुपये, दोन वर्षं. त्याखालच्यांना ज्युनियर, महिना १०,०००. पैसे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी येतात आणि दर वेळी अहवाल द्यावा लागतो. ती विद्यापीठाच्या विषयांवर बांधलेली नाही, साहित्य, दृश्यकला, नाट्य, लोककला असे तिचे कप्पे आहेत. तुमचं काम तिथे परकं ठरणार नाही. एक सावधगिरी: निकालाला फार वेळ लागतो, कधी कधी ज्या वर्षाची बॅच ते वर्ष उलटून जातं. म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

टागोर नॅशनल फेलोशिप मोठी आहे, पण ती ठरावीक राष्ट्रीय संस्थांच्या संग्रहांवर काम करण्यासाठी. तुमचा संग्रह लोकांच्या माळ्यावर आहे. सोडून द्या.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये सेवेतल्या प्राध्यापकांसाठी १० लाखांपर्यंतचं अनुदान जाहीर केलं होतं. त्यात आधी दोन प्रायोजित प्रकल्प पूर्ण केलेले असावेत आणि पाच पूर्णवेळ विद्यार्थ्यांना पीएच.डी. मिळालेली असावी अशी अट होती. आपल्याकडच्या किती कॉलेजांत असा मराठीचा शिक्षक सापडेल? पहिला प्रकल्प मिळायलाच लोक झगडतात. पूर्वी पुण्याच्या विभागीय कार्यालयाकडून लघु प्रकल्प मिळायचे, तेव्हा गावाकडचा शिक्षकही सुरुवात करू शकायचा. ती पायरीच गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

नाहरकतीचं म्हणाल तर जाहिरात येण्याची वाट पाहू नका. आजच एक पानी टिपण काढून विनंती अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. रजेचा प्रश्नही त्यातच लिहून टाका. नंतर तोंडी कबुलीला किंमत नसते.

प्रतिसाद (पंचगंगा_घाट):

ताई, मराठीत प्रस्ताव चालेल असं ठिकाण आहे. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. १९९३ मध्ये स्थापन झालेली, खाजगी, ना-नफा. त्यांच्या कला-संशोधनाच्या अनुदानासाठी भारतीय भाषांतून अर्ज करता येतो. नोकरी असलीच पाहिजे असं नाही, आणि विषय दोन शाखांच्या मधला असला तर त्यांना तो दोष वाटत नाही.

फक्त एक सांगतो. तुम्ही वर जो धागा लिहिलाय ना, मांजरपाट आणि सरस असलेला परिच्छेद, तोच प्रस्तावाच्या पहिल्या पानावर येऊ दे. आपण लोक अर्ज लिहायला बसलो की ‘प्रस्तुत संशोधनाचे महत्त्व’ असं सुरू करतो आणि सगळा जीव निघून जातो. प्रश्न नेमका ठेवा. ‘कोल्हापूरच्या पेंटरांचा इतिहास’ हा प्रश्न नाही, ते कपाट आहे. ‘पडद्यावरचं चित्र शिकवण्याची पद्धत घराघरांतून कशी गेली’ हा प्रश्न झाला.

मानधनाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. बजेटमध्ये ‘माहितगारांचं मानधन’ असं उघड हेड दाखवा, किती माणसं, किती बैठका, दर काय, आणि खाली दोन ओळींत का ते लिहा. चहापाणी, इतर खर्च यांत लपवू नका. लपवलं की तेच कापतात.

प्रतिसाद (विज्ञानशाखा):

रंगाच्या बाजूने एक सुचवते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘श्री’ नावाची योजना आहे, विज्ञान आणि वारसा एकत्र आणणारी. सरस आणि पावडरच्या रंगाचे नमुने मिळाले तर रसायनशास्त्रातला जोडीदार घेऊन वेगळा छोटा प्रस्ताव होऊ शकतो. पण तो संस्थेच्या खात्याचाच पैसा असेल, त्यामुळे तुमच्या मुख्य कामात मिसळू नका.

प्रतिसाद (तासिकावाला):

मॅडम, धागा तुमचा आहे तरी विचारतो. मी तासिका तत्त्वावर आहे, सात वर्षं झाली. दर वर्षी नवीन ऑर्डर, सुट्टीत पगार नाही. आमच्यासारख्यांनी कुठे अर्ज करायचा? बहुतेक ठिकाणी ‘नियमित नियुक्ती’ लिहिलेलं असतं, तिथेच थांबतो.

धागाकर्ती:

सर, धागा तुमचाही आहे. वर आलेल्या दोन्ही वाटा, संस्कृती मंत्रालयाची आणि बंगळूरची, पदावर नाही तर माणसाच्या कामावर चालतात. तिथे ‘नियमित’ हा शब्द आडवा येऊ नये. वय ४० च्या आत असेल तर ज्युनियर बघा. तुमचा विषय काय ते व्यक्तिगत निरोपात कळवा, प्रस्ताव वाचून देईन, मनापासून. आमच्याकडे निम्मं शिकवणं तुमच्यासारख्यांच्या जिवावर चाललंय आणि संशोधनाच्या यादीत तुमचं नाव नाही, हे मला रोज डाचतं.

दसराचौक सर, तुमच्या उत्तराने डोक्यातली गुंतागुंत सुटली. आवक क्रमांकाचं उद्याच करते.

प्रतिसाद (दसराचौक):

आणखी एक विचारू? हे तुम्हाला पदोन्नतीच्या गुणांसाठी हवंय की कामासाठी? २०१८ च्या यूजीसी नियमावलीत १० लाखांच्या आतल्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाला ५ गुण आहेत, वरच्याला १०. फेलोशिपचा हिशोब वेगळा. गुण हवे असतील तर वाट बदलते.

धागाकर्ती:

खरं सांगायचं तर गुणही हवेत, दोन वर्षांत कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाईल करायची आहे. पण त्यासाठी काम वाकवणार नाही. गुणांसाठी एखादा शोधनिबंध लिहीन. लेखनाला निवांत वेळ हवा असेल तेव्हा सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेची असोसिएटशिप मनात आहे. शिक्षकांना तीन वर्षांत एकेक महिन्याच्या तीन भेटी मिळतात. पण ते नंतरचं. आधी माणसं भेटली पाहिजेत.

ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीचा कार्यक्रमही एकाने सुचवला. जुन्या कागदांचं डिजिटायझेशन होतं आणि मूळ कागद देशातच राहतात, ही अट मला फार आवडली. पण परदेशी पैसा संस्थेने घ्यायचा म्हणजे एफसीआरए (परकीय निधीच्या कायद्याखालची नोंदणी) आलं, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं आलं. आमच्या संस्थेकडे ते नाही. सध्या नको.

प्रतिसाद (गंगावेस):

मॅडम, आमचे आजोबा पडदे रंगवायचे. वडील बॅनर करायचे, आता ते ७८ चे आहेत, हात थरथरतो पण आठवण चांगली आहे. आजोबांची एक वही आहे घरात. चौकटी आखून लहान लहान चित्रं काढलीत, शेजारी रंगांची प्रमाणं लिहिलीत, काही मोडीत. दोन वर्षांमागं एक जण बघायला म्हणून न्यायला आला होता, वडिलांनी दिली नाही. तुमचं ते मानधनाचं वाचून दाखवलं त्यास्नी. म्हणाले, बोलव बाईंना.

धागाकर्ती:

दादा, वाचून हात जोडले. अनुदान मिळेल तेव्हा मिळेल, मी या रविवारी सकाळी दहाला येते. मोडी वाचणाऱ्या एक जण ओळखीच्या आहेत, त्यांना विचारते. सोबत छोटा स्कॅनर, कॉलर माइक आणि मराठीत लिहिलेलं संमतीपत्र आणते, वडिलांना सावकाश वाचून दाखवा, पटलं तरच सही. वही तुमच्या घराबाहेर जाणार नाही. पानं तुम्ही उलटायची. आणि त्या दिवशीचं मानधन माझ्याकडून, कोणत्याही हेडची वाट न पाहता.

पंखा तेवढा बंद ठेवूया.