वाट दोनच किलोमीटरची पण चढ एकदम उभा, काय काय काळजी घ्यावी?

रानवारा:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात एका डोंगराच्या माथ्यावर जायचं चाललंय. मॅपवर एका बाजूचं अंतर जेमतेम दोन किलोमीटर दिसतंय त्यामुळे घरचे म्हणतायत की तासाभरात वर आणि ऊन चढायच्या आत खाली. पण चढाई बघितली तर ६०० मीटर आहे, आणि शेवटी कातळटप्पा आणि घसारा (सुट्या दगडमातीचा घसरडा उतार) आहे असं कळलं. मी, नवरा आणि आमचा बारा वर्षांचा मुलगा. तिघेही रोज चालतो पण सपाटीवर. वेळ किती धरायचा, नवे बूट घ्यावेत का, काठी लागते का, आणि मध्येच कुणी घाबरलं तर काय करायचं? मुलगा बरोबर आहे म्हणून नीट विचारून जायचंय.

कातळवाट:
ताई, अंतर बाजूला ठेवा, चढाई बघा. नेस्मिथ म्हणून एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता तो लोक अजून वापरतात, दर ५ किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे तुमचे दोन किलोमीटर २४ मिनिटं आणि वर चढाईचा एक तास, झाला जवळजवळ दीड तास, आणि हा हिशोब न थांबता चालणाऱ्या फिट माणसाचा आहे. तुमच्यासोबत मुलगा आहे, पाण्याला थांबणार, कातळावर वेळ जाणार, त्यामुळे मी तरी अडीच तास धरेन. उतरायला निम्मा वेळ पुरतो असं अजिबात धरू नका, घसाऱ्यावर बरेचदा चढाईइतकाच वेळ जातो.
आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. समजा अकरा ठरलं, तर अकरा वाजता माथा समोर दिसत असला तरी फिरायचं. वर गेल्यावर ठरवू म्हटलं की कुणीच फिरत नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच वाटत असतं की आता आलंच.

सोनकी:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मला उतरण्याबद्दलच जास्त बोलायचंय कारण सगळी तयारी लोक चढायची करतात आणि घसरणं, पाय मुरगळणं जास्त करून उतरताना होतं. चढताना फार तर धाप लागते, थांबलं की जाते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन रोखून धरत असतो, तो थकला की गुडघे लटपटायला लागतात आणि मग पाय ठरवलेल्या जागी पडतच नाही. म्हणून आतापासून जिने चढा आणि मुद्दाम उतरा पण, पाठीवर भरलेली सॅक घेऊन. लिफ्टने खाली येऊ नका.
बूट नवे घेतलेत तर आधी काही आठवडे वापरा. दुकानात ट्राय करताना उताराला उभं राहून बघा, अंगठा पुढे टेकत असेल तर एक साइझ मोठा घ्या. जायच्या आधी नखं कापा आणि उतरायला लागायच्या आधी लेस घोट्याजवळ पुन्हा आवळून बांधा, हे दोन मिनिटांचं काम आहे पण नखं काळी पडण्यापासून वाचतात.
पोल म्हणजे ट्रेकिंगची काठी नक्की घ्या, चढताना थोडा आखूड आणि उतरताना लांब करायचा. फक्त कातळटप्पा आला की तो सॅकला अडकवून टाका, तिथे दोन्ही हात मोकळेच हवेत.

कातळवाट:
कातळाचं सांगायचं राहिलं. दोन हात दोन पाय यातले तीन कायम टेकलेले, चौथाच हलवायचा, आणि प्रत्येक पकड वजन टाकायच्या आधी हलवून बघायची. मुलगा चढताना आणि उतरताना तुमच्यापैकी एक जण त्याच्या खालच्या बाजूला पण अगदी सरळ रेषेत नाही, थोडं बाजूला राहून पाऊल कुठे ठेवायचं ते सांगायचं. उभा टप्पा असेल तर कातळाकडे तोंड करून उतरायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जो टप्पा तो उतरू शकणार नाही असं वाटतं तो त्याला चढूच देऊ नका. चढणं नेहमी सोपं वाटतं कारण पकड डोळ्यासमोर असते, उतरताना पाय ठेवायची जागाच दिसत नाही.
घसाऱ्यावर तिघे अगदी जवळजवळ चाला किंवा एकेकाने पार करा. मधलं अंतर वाढलं की वरच्याच्या पायाखालचा दगड खाली पोचेपर्यंत वेग घेतो. दगड सुटला तर सगळ्यांनी जोरात ‘दगड’ ओरडायचं, आणि खालच्याने वर न बघता डोंगराला चिकटायचं.

रानवारा:
बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं, खूप खूप धन्यवाद दोघांना. वेग कसा ठेवायचा? मुलगा सुरुवातीलाच पळत सुटतो. आणि हवामान अचानक बदललं तर?

धुकंधुकं:
वेगाचं सोपं आहे, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा, बसू नका. मुलाला वाट दाखवायला पुढे ठेवा पण बोलता येईल एवढ्याच अंतरावर. घोट घोट पाणी आणि थोडं थोडं खारट काहीतरी सगळ्यांनी खात राहायचं, तहान लागायची वाट बघू नका. कुणाला डोकेदुखी, मळमळ, गरगरणं सुरू झालं तर सावलीत बसवा आणि बरं वाटलं तरी तिथून पुढे वर नाही, खालीच.
पाऊस पडून गेला असेल तर शेवाळलेला कातळ टाळाच. विजेचं म्हणाल तर चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा, दर तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदाच्या आत आवाज आला तर वीज दहाएक किलोमीटरवर आहे, म्हणजे धोक्याच्या टप्प्यात, तेव्हा माथा, सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार), एकटं झाड सगळं सोडून खाली निघायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जायचं नाही.
प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू द्या, मुलाच्या तर नक्कीच. मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा मदतीचा सिग्नल गिर्यारोहकांमध्ये बऱ्याच ठिकाणी चालतो. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. आणि दिवसाढवळ्या परतणार असलात तरी हेडटॉर्च सॅकमध्ये टाका, आणि निघायच्या आदल्या रात्री त्याचे सेल तपासा.