देवणी म्हणजे बिघडलेली गीर का? डीएनए कुठे तपासतात? (तातडीने मदत हवी)

शेवरा_उदगीर: माझं देवणी वासरू विकायचंय, पण गिऱ्हाईक अडून बसलंय. अंगावर काळे ठिपके म्हणजे एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन, विलायती गाय) रक्त, म्हणे. वर देवणी ही गुरांची वेगळी जातच नाही, गीर गाय बिघडून झालेली. शुद्ध असल्याचा कागद कुठे मिळतो? रविवारच्या आत हवाय.

मन्याडकाठ: खोंड की कालवड? वय? फोटो टाका की.

गीरवेडा: गिऱ्हाईक अर्धं खरं बोलतंय. फुगीर कपाळ, लोंबते कान गीरचेच.

डांगीवाला: नुसती गीर नाही हो. गीर, डांगी आणि गावरान यांच्यातून देवणी निपजली असं मानतात. जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या सरकारी संस्थेकडे तिची वेगळी नोंद आहे, मग बिघडलेली कशी? आणि डांगीची तेलकट कातडी इगतपुरीच्या पावसातही...

गीरवेडा: झालं डांगीपुराण सुरू! दादा, गीरचा वळू लावा, दूध वाढेल.

मन्याडकाठ: दूध विचारलंय कुणी?

शेवरा_उदगीर: खोंड आहे. फोटो चढत नाहीये. डीएनएचं सांगा.

ढोरडॉक्टर: ठिपक्यांवरून काही ठरत नाही. देवणीत वानेरा (पांढरं अंग, तोंडाच्या बाजू काळ्या), बालंक्या आणि शेवरा असे प्रकार आहेत. शेवऱ्याला वेडेवाकडे ठिपके असतातच. वशिंड आणि गळ्याची पोळी कशी आहे? खोंड असल्याने एक सोय आहे. वाय गुणसूत्र बापाकडूनच येतं आणि वशिंडवाल्या गुरांचं वाय एचएफपेक्षा वेगळ्या आकाराचं असतं. ताज्या रक्तावरून गुणसूत्र तपासणी करून घ्या, बाप एचएफ असेल तर कळेल.

मन्याडकाठ: आणि आईचा बाप एचएफ असला तर? वाय साफ, तरी पाव रक्त परकं.

ढोरडॉक्टर: बरोबर. त्यासाठी पूर्ण डीएनएची खात्रीच्या देवणी जनावरांशी तुलना लागते. मायटोकॉन्ड्रियाही पुरत नाही, तो फक्त आईकडून येतो. रविवारपर्यंत यातलं काही होणार नाही. गाय भरवल्याची नोंद आहे का?

एटूदूध: ए२ची चाचणी करा, सगळं कळतं.

ढोरडॉक्टर: ती एका दूध-प्रथिनाच्या जनुकाची चाचणी. एचएफमध्येही ए२ सापडतं.

शेवरा_उदगीर: वशिंड चांगलं आहे, पोळीही लोंबती. बाप गावातलाच देवणी वळू, सगळ्यांनी बघितलेला. आई मात्र कांडी भरून (कृत्रिम रेतनाने) झालेली, कसली ते माहीत नाही.

मन्याडकाठ: अहो, हे आधी सांगायचं!

डांगीवाला: खोंड केवढ्याला देताय?